तिसरं जोडकार्ड

२ मार्च

ती. मदर सुपीरियर यांसी,
शेंडेफळाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दुकानाची पाटी रंगवून घेतलीस का, असं तू तीन पत्रांत मिळून चार वेळा विचारलं आहेस. नाही घेतली. वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस गावात मी एकटाच उरलोय, पाटी नसली तरी लोक शोधत येतात. गेल्या आठवड्यात मासळीबाजारातले दोन काटे आले होते. तू आत्ता दुकानात पाऊल टाकलंस तर नाकाला पदर लावून तशीच मागे फिरशील.

आता कामाचं. महिनाभर उजव्या कुशीत जड वाटत होतं. पारड्याखाली कुणी गुपचूप मेण चिकटवलं की काटा जसा एका बाजूला कलतो, तसा मी कललोय, असं मी आमच्या राणीसरकारांना गमतीने म्हणालो. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. तपासण्या झाल्या. यकृतात एक गाठ आहे, साडेचार सेंटिमीटरची. कर्करोगाची. एकोणिसाव्या वर्षी मला कावीळ झाली होती आणि तू मला महिनाभर चमच्याने भरवलं होतंस, आठवतं, ताई? ती कावीळ म्हणे गेलीच नव्हती. न बोलणाऱ्या भाडेकरूसारखी आत राहून बेचाळीस वर्षं घर पोखरत होती.

डॉक्टर बरे आहेत, वयाने लहान. म्हणाले, गाठ एकच आहे, यकृत सुकलं असलं तरी काम करतंय, तेवढा भाग कापून काढता येईल. मी विचारलं, पुढे किती दिवस. त्यावर तोंडाने काही न बोलता त्यांनी एक पुस्तिका हातात दिली. तीत लिहिलंय की यकृताच्या कर्करोगाचे शंभर रुग्ण धरले तर पाच वर्षांनी त्यांतले अकरा हयात असतात. खाली तुझ्या इस्पितळाचं नाव, तुझ्याच नोंद विभागाचं नाव, आणि साल पाहिलं तर तुझ्या नोकरीची शेवटची नऊ वर्षं.

एकतीस वर्षं तू त्या नोंदींच्या तळघरात काढलीस. तेव्हा सरळ सांग, हे अकरा खरे का? खरे असतील तर पोट फाडून घ्यायची मला हौस नाही. उरलेल्या दिवसांत दुकान आवरीन. महिनाअखेरीपर्यंत डॉक्टरांना कळवायचं आहे.

माया आहेच, पत्रातून ओरडताना ती विसरू नकोस.

तुझा
शेंडेफळ


७ मार्च

चि. शेंडेफळास,
थोरलीचे अ. आ.

तुझं पत्र दुपारी आलं. दोनदा वाचलं आणि मग ओट्यावरची धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

रोग्याला तोंडाने सांगायची हिंमत नाही म्हणून छापील कागद पुढे करणाऱ्या त्या डॉक्टराला आमच्या शाळेतल्या सिस्टरांनी बाकावर उभं केलं असतं. आणि आधीचे डॉक्टर काय करत होते? एकदा अशी कावीळ होऊन गेलेल्या माणसाचं रक्त आणि यकृत दर सहा महिन्यांनी बघायला हवं, हे इस्पितळाच्या भिंतीवर माझ्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं. मी रोज त्याखालून जायचे. पण माझ्या भावाला कावीळ झाली होती, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. त्यामुळे कुणावर ओरडायचं याची यादी केली तर त्यात माझंही नाव आहे. ओरडून झालं की सांगेन.

तुला आकड्याचं हवंय. आधी ते काम कसं चालतं ते ऐक. प्रत्येक कर्करोग्याचं एक पिवळं कार्ड, ज्या अवयवाचा रोग त्या अवयवाच्या खणात. इस्पितळात नाव दाखल झालं त्या तारखेला दर वर्षी त्याच्या पत्त्यावर जोडकार्ड जायचं. अर्ध्या कार्डावर आमचा मजकूर, उरलेलं अर्धं फाडून परत पाठवायचं. मजकूर एकच ओळ. रुग्ण हयात आहे, हयात नाही, योग्य तिथे खूण करावी. हे वाक्य कुणी लिहिलं होतं देव जाणे. मी नोकरीला लागले तेव्हापासून ते बदला म्हणून भांडत होते. कुणी बदललं नाही.

तर तुझे अकरा म्हणजे सगळे एका पिशवीत घातलेले. डोळे पिवळेधमक होऊन, पोटात पाणी भरून स्ट्रेचरवरून आलेले त्यात आहेत. ज्यांची गाठ दोन-चार ठिकाणी पसरली होती ते आहेत. यकृत इतकं कामातून गेलेलं की सुरी लावायची सोय नाही, असे आहेत. तुझ्यासारखी एकच गाठ लवकर सापडलेले त्यात मूठभर. तेव्हा तो आकडा तुझा नाही. पुस्तिका बंद कर, डॉक्टरांना होकार कळव, आणि इकडे ये. शस्त्रक्रिया इथेच होऊ दे. माझी मागची खोली रिकामी आहे.

राणीसरकारांना सांग की कुणी कसला रस किंवा पाला आणून दिला तर झाडाला घालावा.

जीव लावून आहे, मनात आणशील तितका.

तुझी
ताई


१२ मार्च

ती. मदर सुपीरियर यांसी,
सा. न. वि. वि.

चार पानं लिहिलीस आणि मी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. लहानपणी काचेचं भांडं फोडल्यावर तू अशीच बोलायचीस, खूप आणि भराभर.

माझ्या धंद्यात एक रीत आहे, तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईक म्हणालं की माझा काटा अमुक दाखवतो, तर मी आधी काटा उलटा करून बघतो. शेवटचा कधी तपासला, मुद्रा कुणाची. मुद्रा नसेल तर तो काय दाखवतो याच्याशी मला घेणंदेणं नसतं. मग तुझ्या या अकरांवर मुद्रा कुणाची? सगळे एका पिशवीत होते हे तू सांगितलंस. पिशवी कुणी भरली ते नाही सांगितलंस.

परवा मी एक मूर्खपणा केला. मोडीत निघालेल्या पेट्यांतली एक-एक ग्रॅमची पितळी वजनं मी साठवून ठेवली आहेत. त्यांतली शंभर मोजून बाकावर मांडली. अकरा उचलून पारड्यात ठेवली. बाकी एकोणनव्वद तिथेच राहिली आणि ताई, ती माझ्याकडे बघायला लागली. हसू नकोस. प्रत्येकाला वर धरायची एक बोंडी असते, लहान डोक्यासारखी. मला एकेकाची पाठ, एकेकाचा खांदा दिसायला लागला. यांतला मी कोणता, ते शोधत किती वेळ उभा होतो कोण जाणे. राणीसरकार आल्या, त्यांनी सगळी वजनं एका डब्यात भरली आणि डबा खिडकीत ठेवला. आता जाता-येता तो डबा वाजल्यासारखा वाटतो. कुणी हात लावलेला नसतो.

मी नाही म्हणायचं ठरवतो आहे. तुला दुखवायचं नाही, पण न तपासलेल्या काट्यावर मी आजवर कुणाला तोलू दिलेलं नाही.

राग मानलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा
शेंडेफळ


१७ मार्च

चि. शेंडेफळास,
अ. आ.

मुद्रा माझी आहे.

आमच्या शाळेच्या चर्चमध्ये शुक्रवारी मुली आत जाऊन फादरना आपल्या चुका सांगून यायच्या. मी त्यांच्या धर्माची नव्हते म्हणून बाहेर बाकावर बसायचे आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. आत्ता या वयात पाळी आली आहे, तर मधे बोलू नकोस.

नियम असा होता. पहिल्या कार्डाला उत्तर आलं नाही तर महिन्याने दुसरं पाठवायचं. तरी नाही तर तिसरं. तिसऱ्यालाही नाही आलं तर कार्डावर लिहायचं, संपर्क तुटला. म्हणजे तो माणूस शेवटचा ज्या तारखेला जिवंत माहीत होता, त्या तारखेपर्यंत जिवंत धरायचा, पुढचं आपल्याला ठाऊक नाही असं मानायचं. मेला असं लिहायचं नाही.

मी लागून बावीस वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. यकृताच्या खणातलं एक तिसरं कार्ड परत आलं. खूण नव्हती. एका बाईने शाईने लिहिलं होतं की तुमचं पहिलं कार्ड आलं त्याच आठवड्यात हे गेले, दुसरं आलं तेव्हा मी घर सोडायची तयारी करत होते, आता तिसरं आलंय, तुम्हाला नक्की किती वेळा ऐकायचं आहे. ते कार्ड मी घरी आणलं. अजून आहे, कपाटात, कपड्यांच्या खाली.

त्यानंतर यकृताच्या खणाला मी दुसरं आणि तिसरं कार्ड पाठवणं बंद केलं. बाकीच्या खणांना पाठवत होते. यकृताचा माणूस पहिल्याला गप्प राहिला की मी समजून घ्यायचे आणि लिहायचे, मृत. माझ्या सुंदर अक्षरात, ज्याला सिस्टरांनी बक्षीस दिलं होतं. मला वाटायचं, मी त्या घरांवर दया करते आहे. साहेबांना कोऱ्या जागा आवडत नसत, तेही खूश होते. नऊ वर्षं हे चाललं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं की तो आकडा माझ्या हातचा आहे. तुला सांगायची लाज वाटली म्हणून स्ट्रेचर आणि पिवळे डोळे सांगितले. ते खरं आहे, पण अर्धंच.

तेव्हापासून मला पत्ते आठवतात. तोंडं मी कधी पाहिली नव्हती, पत्तेच पाहिले होते. तिसरा मजला, डावीकडचं दार. पिठाच्या गिरणीमागे. रंगाऱ्याचं घर, हाक मारावी. चहा गाळते आणि एक पत्ता आठवतो. दाराच्या फटीतून टपाल आत पडलं की मी बसल्या जागी थांबते. इतक्या वर्षांनी कुणीतरी उत्तर पाठवलं असेल, असं वाटतं.

उद्या तळघरात जाते. माझ्या जागी आलेल्या नव्या मुलीने आत घेतलं नाही तर दारात बसून राहीन. महिनाअखेरीपर्यंत थांब. एवढं तू माझं देणं लागतोस, चमच्याने भरवल्याबद्दल.

लोभाबद्दल आज काही लिहायची माझी लायकी नाही.

ताई


२० मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

ह्यांनी तुमचं पत्र वाचलं आणि मोठ्याने हसले. महिन्यात पहिल्यांदा. मग दुकानाचा दरवाजा अर्धा ओढून आत बसून राहिले. पत्र मला दाखवलं नाही, तरी मी वाचलं. ते पत्रं कुठे ठेवतात ते मला ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

वन्सं, मी तुमच्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. तुम्ही मला लग्नाच्या आठव्या दिवशी राणीसरकार नाव ठेवलंत, तेही मी वापरलं. आज मागते. तळघरात काय निघेल ते निघो. तुम्ही त्यांना तीस लिहा. शंभरात तीस. तीस म्हटलं तर ते तयार होतील, मी त्यांना ओळखते. तुमच्या अक्षरावर त्यांचा विश्वास आहे. कुणाला कळणार आहे?

डबा अजून खिडकीत आहे. रोज सकाळी ते झाकण उघडून आत बघतात, मग लावतात. मी तो उचलून फेकणार होते. हात लावला तर गार होता, उन्हात असूनसुद्धा. तसाच ठेवला.

पत्र वाचून फाडून टाका. आपला लोभ मला कधी फारसा लाभला नाही, या वेळी लाभू द्या.

तुमची
भावजय


२६ मार्च

चि. शेंडेफळास,
अ. आ.

हे तातडीच्या टपालाने पाठवते आहे. बसून वाच.

नवी मुलगी चांगली निघाली. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं पोलीस बोलावेल. तिने खुर्ची दिली, जुने खोके काढले आणि म्हणाली की बाई, तुमचं अक्षर बघून मी अक्षर सुधारलं, आता त्यावर शाई फिरवायला तुम्हीच मदत करा. सहा दिवस आम्ही दोघी तिथे होतो. तळघराला अजून तोच वास आहे, ओल्या पुठ्ठ्याचा. कार्डं उलटताना मला सारखं वाटायचं की मागे कुणीतरी रांगेत उभं आहे.

सगळा खण तपासायला वर्ष जाईल. मी फक्त तुझ्यासारखे काढले. एकच गाठ, पाच सेंटिमीटरच्या आत, यकृत काम करणारं, कापून काढलेली. नऊ वर्षांत असे अठ्ठेचाळीस. पाच वर्षांनी जिवंत असल्याचं उत्तर आलेले चौदा. मेल्याचा पुरावा असलेले एकवीस. राहिले तेरा. त्या तेरांवर माझ्या अक्षरात मृत, आणि पुरावा काहीच नाही.

त्या तेरांचा माग काढला. इस्पितळाच्या बाकीच्या विभागांच्या वह्या पाहिल्या, पत्त्यांवर गेले. सहा खरोखरच गेले होते. चौघं पाच वर्षांनंतरही जिवंत होती. एक डोळ्यांच्या विभागात चष्म्याचा नंबर काढायला आला होता, माझ्या लेखी मेल्यावर तीन वर्षांनी. एक बाई धुलाईच्या दुकानात कपड्यांना इस्त्री करते. तिच्यासमोर मी जाऊन उभी राहिले. अकरा वर्षं झाली तिला. मी कोण ते सांगितल्यावर तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी विचारलं, कार्डाला उत्तर का दिलं नाहीत. ती म्हणाली, कार्ड माझ्याच नावाने आलं होतं, रुग्ण हयात आहे का म्हणून. मलाच विचारता मी मेले का? अशा कागदाला हात लावायची भीती वाटली, म्हणून शेगडीत घातला.

शेंडेफळा, मी एकतीस वर्षं त्या वाक्याशी भांडले पण एवढं माझ्या लक्षात आलं नाही. ज्या घरात माणूस गेला त्या घरातले खूण करून मोकळे होतात. जिवंत माणूस ते कार्ड जाळतो. गप्प बसलेल्यांना मी मेलेले समजत होते.

तीन जणांचा पत्ता लागला नाही. एका ठिकाणी इमारतच नाही. एका दारावर दुसरं नाव आहे. तिसऱ्या घरी कुणी दार उघडलं नाही, पण आत कुणीतरी चालत होतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांच्या कार्डांवरचं मृत खोडून मी संपर्क तुटला लिहिलं.

तेव्हा अठ्ठेचाळिसांत अठरा नक्की. ते तीनही असले तर एकवीस. म्हणजे शंभरात अडतीस ते चव्वेचाळीस. आता वाईटही लिहिते, कारण या वेळी अर्धं सांगणार नाही. अठ्ठेचाळिसांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना गाठ परत आली. सुकलेलं यकृत सुकलेलंच राहतं, तिथे पुन्हा उगवते. काहींची परत काढता आली, काहींची नाही. आणि दोघं टेबलावरून आठवड्याच्या आत गेले. हेही त्या आकड्यात आहे. तू कुठल्या बाजूला असशील ते या कार्डांतून कळत नाही, मी शोधून पाहिलं.

तपासलेला आहे. मुद्रा माझी आणि त्या मुलीची. राणीसरकारांना सांग, त्यांनी मागितलं त्याहून जास्त निघालं, आणि खरं निघालं. काय मागितलं होतं ते विचारू नकोस.

येशील तसा ये, माझा जीव तिकडेच आहे.

ताई


३० मार्च

ती. मदर सुपीरियर यांसी,
सा. न. वि. वि.

दहाला निघतो. मागच्या खोलीत तुझी शिवणयंत्रं आणि फाटक्या छत्र्या असतील त्या आधी हलव.

चाळीस काही मोठा आकडा नाही. चाळीस टक्के बरोबर दाखवणारा काटा मी भंगारात टाकीन. पण कुणी तपासला ते मला आता ठाऊक आहे आणि तिने हातचं काही राखलं नाही, हेही ठाऊक आहे. राणीसरकार तुझं पत्र वाचून रडल्या आणि रडताना तीस, तीस असं काहीतरी म्हणत होत्या. तू म्हणालीस म्हणून विचारलं नाही.

माझी एक अट आहे. माझंही पिवळं कार्ड होणार. दर वर्षी ते जोडकार्ड मला तुझ्या अक्षरात यायला हवं, त्या मुलीच्या नव्हे. आणि एखाद्या वर्षी उत्तर आलं नाही तर तू आधीसारखं समजून घ्यायचं नाहीस. दुसरं पाठवायचं, तिसरं पाठवायचं. तुला डोळ्यांनी दिसलं असलं तरी. तीन वेळा विचारल्याशिवाय मला मेलेला लिहिशील तर भूत होऊन तुझ्या कपाटात बसेन, कपड्यांच्या खाली.

भेटीपर्यंत लोभ, भेटीनंतर बोलणी.

शेंडेफळ


१३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं कार्ड परवा आलं. एक वर्ष झालं म्हणायचं. खूण ‘आहे’वर केली आहे, राणीसरकारांना विचारून केली, कारण त्यांचं मत अंतिम. पोटावरचा व्रण तुझ्या शाळेच्या इमारतीच्या कमानीसारखा दिसतो. त्याखाली हात ठेवला की कधी कधी वाटतं, तिथे अजून कुणीतरी श्वास घेतंय. डॉक्टर म्हणतात कापलेलं यकृत पुन्हा वाढतंय. मी मान डोलावतो.

डब्यातलं एक वजन दर महिन्याच्या अकरा तारखेला काढून पारड्यात टाकतो. बारा झाली. पाटी रंगवली, आता तरी गप्प बस.

लोभ आहे तोलून मापून, पण भरपूर.

शेंडेफळ


२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चार वर्षांची चार कार्डं तुझ्याकडे आहेत, पाचवं येईल की नाही सांगता येत नाही. गाठ परत आली हे तुला ठाऊकच आहे. मागच्या वर्षी तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत औषध सोडून तिला उपाशी मारली होती. आता तीन आहेत आणि कापता येत नाहीत. डॉक्टरांनी या वेळी पुस्तिका दिली नाही, खुर्ची जवळ ओढून तोंडाने सांगितलं. तुला बरं वाटेल म्हणून लिहितो.

ताई, मला कसली चुटपुट नाही. या चार वर्षांत बाजारातले सगळे काटे एकदा तपासून झाले. राणीसरकारांबरोबर समुद्र बघून आलो, त्यांना तो आवडला नाही. ते एकोणनव्वद जण अजून दिसतात, पण आता त्यांची भीती वाटत नाही. त्यांतल्या काहींची तू चौकशी केलीस ना, तेव्हापासून ते शांत आहेत.

तुझे ते तीन सापडले का?

लोभ वाढव. कमी करायला वेळ नाही.

शेंडेफळ


१९ एप्रिल

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

बारा फेब्रुवारीला तुम्ही इथे होता. ह्यांचे पाय तुमच्या मांडीवर होते. तुम्ही स्वतःच्या हाताने त्यांचे डोळे मिटलेत. आणि गावी पोचताच तुम्ही जोडकार्ड पाठवलंत, ह्यांच्या नावाने, रुग्ण हयात आहे का म्हणून.

मला इतका राग आला की तुम्हाला कधी पत्र लिहायचं नाही असं ठरवलं. कार्ड डब्याखाली सारलं. महिन्याने दुसरं आलं. मग मी दुकानातली त्यांची हिशेबाची वही उघडली. तुमचं सगळं मी वाचलं होतं, त्यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला कधी कळलंच नव्हतं. ते पत्र पाठवण्याआधी त्या वहीत उतरवून ठेवत असत, दुकानाची सवय. त्यात ती अट होती. तीन वेळा विचारायचं.

तिसरं कार्ड पंधरा तारखेला आलं. वन्सं, सगळे मला सांगायला आले. कुणी धीर धर सांगितलं, कुणी सुटले बिचारे म्हणून सांगितलं. विचारलं कुणीच नाही. मी कार्ड बाकावर ठेवलं. घरात अजून त्यांच्या चपलांचा आवाज येतो. मागच्या दाराने येऊन पुढच्या खोलीत थांबतो. तो थांबेपर्यंत वाट पाहिली. मग ‘नाही’वर खूण केली. पेन चाललं, मला वाटलं होतं चालणार नाही.

ते फाडून सोबत पाठवते आहे. पारड्यातली वजनं मोजली. अठ्ठावन्न आहेत.

तुमचा लोभ आहे हे आता मला कळतं.

तुमची
भावजय


२४ एप्रिल

चि. राणीसरकारांस,
थोरलीचे अ. आ.

हे नाव मी चिडून ठेवलं होतं. तू त्यात चाळीस वर्षं राहिलीस आणि ते तुला शोभलं. आता बदलत नाही.

तुझं कार्ड मिळालं. काल तळघरात जाऊन ह्या खेपेला पुराव्यानिशी लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही. मुलीने हिशेब केला. कार्ड झालं त्या दिवसापासून अठ्ठावन्न महिने आणि एक दिवस. पाच वर्षांना साठ लागतात. म्हणजे पुढच्या पुस्तिकेत तो पाच वर्षं न जगलेल्यांत धरला जाणार. मी तिच्याशी भांडले. त्या अठ्ठावन्न महिन्यांत तो जगलाच नाही का, असं विचारलं. ती म्हणाली, बाई, नियम तुम्हीच मला शिकवलात. बरोबर आहे तिचं. घरी येऊन मी पुन्हा भांडी धुतली.

तरी एक गोष्ट तिच्याकडून मागच्या महिन्यातच करून घेतली होती, त्याच्या अटीतली कार्डं तेवढी जुनी पाठवली. जोडकार्डावरचं ते वाक्य गेलं. आता असं छापलंय की आपण कसे आहात, आणि दुसरं कुणी लिहीत असेल तर आपण कसे आहात. पहिल्या गठ्ठ्यात त्या तिघांनाही पाठवली. एक परत आलं, अनोळखी अक्षरात, ठीक आहे एवढंच लिहिलेलं. पत्ता त्या घराचा, जिथे कुणी दार उघडलं नव्हतं. नाव लिहिलेलं नाही. रुग्ण ठीक आहे की दुसरं कुणी, ते कळत नाही. मी ते त्या बाईच्या जुन्या कार्डाशेजारी, कपड्यांच्या खाली ठेवलं आहे. कपाट उघडलं की मला तो आत बसून हसतोय असं वाटतं. बसू दे.

सोबत एक नवं जोडकार्ड तुझ्या नावाचं आहे. त्या वजनांचं काय केलंस, जेवतेस का, तो आवाज अजून पुढच्या खोलीत थांबतो का, सगळं लिही. जागा पुरली नाही तर कडेने लिही. उत्तर आलं नाही तर मी समजून घेणार नाही. महिन्याने दुसरं पाठवीन, मग तिसरं, आणि तरी आलं नाही तर येऊन दार वाजवीन.

तुझी
ताई